तिरका सांधा आणि त्याचा साचा



माझ्या आधी या व्यासपीठावरून जे बोलून गेले त्यांच्या नावापुढे पदव्या होत्या. माझ्या नावापुढे लावण्यासारखे काही नाही. नववीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि रद्दीच्या दुकानातून किलोवर घेतलेल्या पुस्तकांत. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी बोनसवर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. ‘गिटारच्या मानेचा सांधा’ असे मी सांगितले, तेव्हा फोनवर थोडा वेळ काही ऐकूच आले नाही. मग ते सभ्यपणाने म्हणाले, ‘भाऊ, यात बुटीबोरीचं काय?’ बुटीबोरीचे काय ते तासाभरात सांगण्याचा प्रयत्न करतो.

आमच्या कामगारांच्या मुलांचे एक कलापथक आहे. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, तेव्हा डफ, ढोलकी आणि तुणतुणे यांवर सारा महाराष्ट्र हलला. आजच्या पोरांना तेवढ्यावर भागत नाही, त्यांना गिटार हवी. वर्गणी काढून एक स्वस्तातली गिटार आणली. एका गेट मीटिंगच्या दिवशी ती टेम्पोच्या फाळक्यावरून खाली पडली. उंची म्हणाल तर कमरेइतकी, खाली मुरूम. धडाला ओरखडासुद्धा नाही, पण डोके मानेपासून मोडून तारांना लोंबकळत राहिले. पोरांनी फेव्हिकॉल लावून सुतळीने आवळून ठेवले. महिन्याभराने, कोणी हात लावला नसताना, रात्री खोलीत ‘फट्’ असा आवाज झाला. डोके पुन्हा मोडले होते.

ती गिटार मी आमच्या एका जुन्या सोबत्याकडे नेली. पंचवीस वर्षे त्यांनी इथल्याच एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. आम्ही सगळे त्यांना मिस्त्री म्हणतो, तेच नाव आजही चालू द्या. मिस्त्रींनी मोडलेली जागा चष्म्याजवळ धरली आणि म्हणाले, ‘लाकूड काय खोटं हाय? कापणाऱ्यानं उलटं कापलं.’

उलटे म्हणजे काय, हे समजायला आधी गिटारचे डोके असे मागे झुकलेले का असते ते पाहिले पाहिजे. सहा पोलादी तारा धडावरच्या घोडीपासून निघतात, मानेवरून जातात, मानेच्या टोकाशी हाडाच्या एका बारीक पट्टीवर टेकतात आणि तेथून पुढे डोक्यावरच्या खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात. तार त्या पट्टीवर घट्ट दाबली गेली नाही तर ती खणखणीत बोलत नाही, खाचेत थरथरते. डोके मागे झुकवले की तार पट्टीवरून खाली वळते आणि तिचा दाब आपोआप पट्टीवर पडतो. अरबांच्या ऊद या वाद्याचे डोके तर जवळजवळ काटकोनात मागे मोडलेले असते. आपल्या सतारीची गोष्ट निराळी. तिथे दांडी सरळ जाते, कारण तारा हाडाच्या पट्ट्यांवरून आणि पट्टीतल्या भोकांतून ओवून खुंट्यांकडे नेलेल्या असतात.

ही गिटार सुरात लावली की सहा तारांचा मिळून ताण साधारण ७० किलो वजनाइतका होतो. म्हणजे एक चांगला धडधाकट माणूस रात्रंदिवस त्या डोक्याला लोंबकळलेला आहे असे समजा. आता मान आणि डोके एकाच सरळ ठोकळ्यातून कोरून काढले तर लाकडाचे तंतू मानेत लांबच लांब धावतात, पण डोके जिथे वळते तिथे ते तिरपे तुटतात. चुलीसाठी लाकूड फोडताना कुऱ्हाड तंतूंच्या बाजूने घातली तर एका घावात दोन फाकी होतात, आडवी घातली तर दम निघतो. वळणावरच्या त्या आखूड तंतूंना ७० किलोचा माणूस लोंबकळतो आणि वरून एक धक्का बसतो. मग ते नेमके रेषेने फाटतात. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीच्या गिटारी जगभर नावाजलेल्या, त्यांचे डोके १७ अंशांनी झुकलेले आणि मान एकाच महोगनीच्या तुकड्याची. पण डोके मोडण्याबद्दलही त्या तितक्याच प्रसिद्ध. १९६० नंतरच्या दशकात कंपनीने काही वर्षे हा कोन १४ अंशांवर आणून पाहिला.

यावर कारागिरांनी फार पूर्वीच उपाय काढलेला आहे. घराचा वासा तोकडा पडला तर आपला सुतार दुसरा तुकडा तिरका कापून जोडतो, त्याच जातीचा हा सांधा. साधारण २० मि.मी. जाडीची फळी घ्यायची. तिचे टोक १५ अंशांच्या उताराने तिरके कापायचे. कापलेला तुकडा टाकायचा नाही. तो पालथा करायचा आणि त्याची सपाट बाजू मानेच्या उतारावर बसवायची. तुकडा आपोआप १५ अंशांनी मागे झुकतो, आणि त्याचा स्वतःचा उतार मानेच्या वरच्या पृष्ठभागाशी एका पातळीत येतो. एकाच कापातून दोन उतार मिळाले आणि दोन्ही कामी आले. तंतू मानेतही सरळ आणि डोक्यातही सरळ. सरळ कापून टोकाला टोक भिडवले असते तर सरसाला धरायला २० मि.मी. मिळाले असते, तिरक्या कापामुळे सुमारे ७७ मि.मी. मिळतात. शिवाय १८० मि.मी. लांबीचे झुकलेले डोके एकाच तुकड्यातून कोरायचे तर सुमारे ६० मि.मी. जाडीचा ठोकळा लागतो आणि त्यातले बहुतेक लाकूड भुसा होऊन खाली पडते. स्पेनचे कारागीर असा सांधा पिढ्यान् पिढ्या घालत आले. ज्याच्या नमुन्यावर आजची स्पॅनिश गिटार उभी आहे तो अँतोनियो दे तोर्रेस, जन्म १८१७, मुळात सुतारच होता.

मिस्त्रींनी ठरवले की दुरुस्ती करायची नाही, जुन्या वाड्याची सागवानी चौकट मिळाली होती, तिच्यातून नवी मानच करायची. आधी सराव पॅकिंगच्या खोक्यांच्या पाइनवर. मी सुटीच्या दिवशी मदतीला, म्हणजे धरायला आणि बोलायला. पेन्सिलीने रेघ मारली, करवतीने कापले, रंध्याने साफ केले, जोडले. पहिल्या मानेचे डोके एका अंगाला मुरडलेले निघाले. दुसऱ्या मानेचा सांधा मध्ये चिकटला आणि कडांना उघडा राहिला. तिसरीच्या वेळी मी शाळकरी कंपासपेटीतला कोनमापक घेऊन बसलो आणि अर्धा अंश कमी, पाऊण अंश जास्त असे सांगू लागलो. मिस्त्री थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘भाऊ, तुम्ही अंश पाहून राह्यले. गुण्या लावून पाहा ना.’

गुण्या लावला आणि माझी विद्या उघडी पडली. कोन १५ ऐवजी साडेचौदा झाला तर काय बिघडते? काही नाही. दोन्ही उतार एकाच कापातले, चूक झाली तर दोन्हीकडे सारखीच, आणि म्हणून सांधा बरोबर बसतो. डोके अर्धा अंश कमी झुकेल एवढेच. पण कापाची पातळी फळीच्या बाजूंशी काटकोनात नसली तर डोके मुरडणारच. एका अंशाची चूक १८० मि.मी. लांबीवर ३ मि.मी.हून जास्त भरते, ती कोणालाही डोळ्यांनी दिसते. मी ज्या मापाच्या मागे लागलो होतो ते बिनमहत्त्वाचे होते आणि जे महत्त्वाचे होते ते मी मोजतच नव्हतो. वाटाघाटीच्या टेबलावरही माझे असे अनेकदा झालेले आहे, पण तो विषय पुढे येईल.

मग मिस्त्रींनी जिग केला. आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या श्रोत्यांना जिग म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. काम आणि हत्यार यांना ठरलेल्या जागी धरून ठेवणारा साचा म्हणजे जिग. गूळ किंवा वीट पाडण्याचा साचा वस्तूला आकार देतो, जिग हत्याराला वाट देतो.

मिस्त्रींचा जिग तीन भागांचा आहे. पहिला कापण्याचा. जाड प्लायची एक पाटी करवतीच्या मेजावर सरकते, तिच्यावर एक आधारपट्टी पात्याशी १५ अंशांत पक्की केलेली, आणि फळी तिला टेकवून आवळायला दोन शिकंजे. कोन आखायला कोनमापक नाही. १००० मि.मी. सरळ रेघ, तिच्या टोकाशी काटकोनात २६८ मि.मी. उभी रेघ, दोन टोके जोडा, झाले १५ अंश. टूलरूममध्ये हेच काम साइन बारवर करतात. दोन रुळांमध्ये अचूक १०० मि.मी. अंतर असलेली पोलादी पट्टी, एका रुळाखाली २५.८८ मि.मी.चे ठोकळे सरकवायचे. मिस्त्रींच्या हातून असे हजारो कोन बसले असतील. घरी साइन बार नव्हता, पण रीत तीच.

दुसरा भाग घासण्याचा. दोन उतरत्या कडा, वर पोलादी पट्ट्या मारलेल्या. मध्ये फळी आवळायची. सपाट फळीला मधोमध पॉलिशपेपर चिकटवलेला, तिची टोके मोकळी. ती कडांवर टेकवून पुढेमागे घासत राहायचे. लाकूड कडांच्या पातळीला आले की टोके पोलादावर टेकतात आणि घासणे आपोआप थांबते. तुम्ही आणखी तासभर जोर लावा, एक केसही निघणार नाही. तिसरा भाग चिकटवण्याचा. सरस ओला असताना तिरके तुकडे एकमेकांवरून घसरतात, हा या सांध्याचा मोठा ताप. त्यासाठी एका बाजूला सरळ कठडा, टोकाला अडसर, खाली प्लास्टिकचा कागद. स्पेनमध्ये यासारखाच, पण साऱ्या गिटारसाठी एक पाट असतो, त्याला सोलेरा म्हणतात. गिटार त्याच्यावर पालथी ठेवूनच बांधत जातात.

एक सूचना आपल्या उन्हाळ्यापुरती. सुतारकामाचा हा पांढरा सरस ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच ४५ अंश होतात. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद मोटारीत वाद्य ठेवाल तर सांधा कितीही चांगला असला तरी ७० किलोचा माणूस त्याला हळूहळू ओढत नेईल.

जिगमध्ये घातलेली पहिलीच मान बरोबर आली. मिस्त्रींनी मुद्दाम एक सरावाची मान शिकंज्यात धरून हातोड्याने मोडून दाखवली. सांधा तसाच राहिला आणि त्याच्या शेजारचे लाकूड फाटले. त्यानंतर मी स्वतः, ज्याच्या हातात खिळासुद्धा सरळ जात नाही अशा माणसाने, एक मान केली. तीही बरोबर आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र त्या दिवशी झोप आली नाही, कारण मला एक जुने भांडण आठवले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कारखान्याचे नाव सांगत नाही, त्याने काही साधणार नाही. एका खात्यात लोखंडी पट्ट्यांना तिरकी भोके पाडण्याचे काम होते. करणारे लोक जुने, ‘कुशल’ म्हणून नोंदलेले. तेथे एक नवा ड्रिल जिग आला. पंधरा दिवसांत कंपनीचे म्हणणे आले की आता भोक जिग पाडतो, माणूस फक्त दांडा ओढतो, तेव्हा यापुढे हे काम ‘अर्धकुशल’. कुशल, अर्धकुशल, अकुशल हे शब्द कागदावर तीन ओळींत मावतात, पण महिन्याच्या पगारात त्यांचा अर्थ पोराची फी आणि म्हातारीचे औषध असा असतो.

मी काय केले? मी जिगलाच विरोध केला. जिग हटवा, अशी मागणी लावून धरली. गेटवर मोठमोठी भाषणे केली. नागपूरच्या एम्प्रेस मिलचा दाखला दिला. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ही गिरणी, आणि हिंदुस्थानात रिंग स्पिंडल प्रथम वापरून पाहणाऱ्या गिरण्यांत ती होती. जुन्या म्यूल यंत्राला वर्षानुवर्षे मुरलेला सूत कातणारा लागे, रिंगला थोड्या दिवसांत शिकवलेले पोर चालत असे. दाखला खरा होता, पण मी त्यातून काढलेली मागणी चुकीची होती. सहा आठवडे गेले. मग आमच्यातलाच एक जण कचेरीत येऊन खाली मान घालून म्हणाला, ‘भाऊ, तो जिग माझाच हाय.’

ते मिस्त्री होते. भोके तिरकी पाडताना ड्रिल घसरून पोरांचे हात फाटत होते, म्हणून रात्रपाळीत त्यांनी भंगारातून लाकडाचा पहिला नमुना केला. फोरमनने तो पाहिला, टूलरूमला दिला, तिथे तो पोलादात झाला, त्याच्यावर नंबर पडला आणि तो कपाटात कुलपाखाली गेला. मिस्त्रींना शाबासकीही मिळाली नाही. आणि त्यांच्याच शहाणपणाचा पुरावा करून त्यांच्याच सोबत्यांना सांगण्यात आले की तुमच्यापाशी आता कसब उरलेले नाही.

हे सारे मला आधी कळते तर मी ‘जिग हटवा’ म्हणालो नसतो. जिग कोणी केला, त्यात कोणाचे कसब भरले आहे आणि त्या कसबाचा मोबदला कोणाला मिळतो, हे विचारले असते. पुढे विचारलेही, पण उशीर झाला होता. तडजोड अशी झाली की होते त्यांची श्रेणी कायम राहील, नवे येतील ते अर्धकुशल म्हणून येतील. आज त्या खात्यात एकाच जिगवर, एकाच पाळीत, दोन पगारांची माणसे उभी आहेत. त्या कागदावर माझीही सही आहे.

हे काही बुटीबोरीतच घडले असे नाही. १७८५ साली थॉमस जेफरसन पॅरिसमध्ये होता. तेथे ओनोरे ब्लाँ नावाच्या बंदूक करणाऱ्याकडे त्याने बंदुकीच्या चापांचे सुटे भाग ढिगातून हाताला येतील तसे उचलून जोडून पाहिले, आणि ते बसले. कोणताही भाग कोणत्याही बंदुकीला बसावा म्हणून सारी कारागिरी साच्यांत आणि मापांत उतरवली गेली. तेथून पुढे शिलाई यंत्र, सायकल, मोटार. गिटारमध्ये हेच काम लिओ फेंडरने केले. तो रेडिओ दुरुस्त करणारा. १९५० च्या सुमारास त्याने बाजारात आणलेल्या विजेच्या गिटारचे डोके त्याने मागे झुकवलेच नाही. मेपलच्या एका सपाट फळीतून मान आणि डोके सरळ कापले, डोके जरासे खालच्या पातळीवर घेतले आणि तारा दाबायला एक छोटी कडी मारली. तिरका सांधा नको आणि तो घालणारा कारागीरही नको. त्या गिटारी उत्तम वाजतात, हेही सांगितले पाहिजे.

याच्या उलट मिरज घ्या. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी तिथे सतारी करायला सुरुवात केली. शिकलगार हे हत्यारे घडवणारे, त्यांना धार लावणारे लोक. तलवारीची गरज संपत आली तेव्हा तो हात वाद्यांकडे वळला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या हातांचे काही साचे लाकडाचे असतील, काही नुसते नजरेत असतील, पण ते घरातले आहेत. बाप गेला तर साचा मुलाकडे राहतो. कारखान्यातला कामगार निवृत्त होतो तेव्हा गेटवर त्याची पिशवी तपासतात.

मिस्त्रींच्या अंगणात आता रविवारी चारपाच पोरे येतात. दोघे आयटीआयचे, एक कंत्राटी कामगार, एक अजून काही न करणारा. आतापर्यंत चार माना झाल्या. मिस्त्रींचा एक नियम आहे, तो मला आधी जुलूम वाटला होता. नव्या पोराला जिगला हात लावू देत नाहीत. पहिली मान त्याने नुसत्या करवतीने, रंध्याने आणि गुण्याने करायची. ती बिघडते. का बिघडली ते त्यानेच शोधून सांगायचे. सांगता आले की जिग मिळतो. एका पोराला तीन रविवार लागले, तो रागावून गेला आणि चौथ्या रविवारी परत आला. त्याने आल्यावर घासण्याच्या भागात एक सुधारणा सुचवली. कडांवरच्या पट्ट्या झिजल्या तर बदलता याव्यात म्हणून त्या खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवाव्यात. मिस्त्रींनी त्याच दिवशी खिळे उपटले.

तो जिग मी आज सोबत आणला आहे, इथे टेबलावर आहे. त्याच्या बुडाशी लोखंडी ठशांनी दोन नावे ठोकलेली आहेत, एक मिस्त्रींचे आणि एक त्या पोराचे. ती मी वाचून दाखवणार नाही, कारण दोघेही मागच्या रांगेत बसले आहेत आणि मला आधीच ताकीद मिळालेली आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी कार्यक्रमानंतर पुढे यावे आणि उलटा करून पाहावा. फक्त शिकंजे सैल करू नका, आत पाचवी मान सुकते आहे.